उघड्या प्लेटीजवळ बोलायचं नाही

किस्से विरजणासारखे असतात. चमचाभर पडलं की सकाळी भांडं भरलेलं! तामसी गावच्या शाळेतले तर माझ्याकडे ढीगभर आहेत. माझी ताई तिथं विज्ञान शिकवायची. मी आठवीत शाळा सोडलेला. पण तिला रोज आदिलाबादच्या घरून मोटरसायकलवर आणायचो-न्यायचो, म्हणून पोरांचा मामा झालो.

ताईला एकच हौस. दह्यातले जंतू झाकणाच्या काचेच्या प्लेटीत वाढवायचे, मध्ये अँटिबायोटिकची टिकली ठेवायची आणि टिकलीभोवती जंतू मरून उमटलेला स्वच्छ गोल पोरांना दाखवायचा. पण बाहेरचा एक जंतू शिरला की खेळ खलास! आणि दरवर्षी कोणीतरी तो शिरवायचंच.

*

पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी शुभारंभ म्हणून उदबत्ती ओवाळली. राख थेट प्लेटीत!

"मॅडम, राख पवित्र असते!"

"सर, जंतूंना नाय माहीत!"

*

पुढच्या वर्षी वर्गातल्या कविताने साबणानं हात धुतले, स्पिरिट लावलं आणि ओढणीला पुसले!

"काऊन पुसले गं?"

"ओल्या हातानं कामाला लागू नोको म्हणते माय!"

*

एकदा तपासणीला साहेब आले. वाढायला ठेवलेल्या प्लेटीचं झाकण उचलून त्यांनी नाक लावलं. "वा! दही मस्त लागलंय!"

*

मग माझी पाळी. प्लेट उघडी असताना बोललं की थुंकी उडते, म्हणून मी तोंड दाबून उभा. ताईनं चिमट्यानं टिकली उचलली आणि मला राहवलं नाही. "ताई, सांभाळून!"

प्लेट गेली. आदिलाबादपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. दारात उतरल्यावर म्हणाली, "बाळ्या, आता बोल. इथं प्लेट नाय!"

*

दिवाळीआधी ताई गेली. अजून सकाळी मी गाडी पुसून तिच्या दारापुढे लावतो. मग आठवतं.

परवा शाळेतून फोन आला. "मामा, आमी प्लेट लावून राह्यलो. या!"

गेलो. कविता टिकली ठेवत होती, ताईसारखीच जीभ दातात धरून. मला हुंदका फुटला. तिनं मान वर केली नाही, तोंड उघडलं नाही. फक्त बोटानं दार दाखवलं!

मी बाहेर. व्हरांड्यात तोंडावर रुमाल दाबून बसलो.

आज पुन्हा गेलो. सगळा वर्ग दारात उभा. कविताने प्लेट माझ्या हातात दिली. पांढुरक्या थरात टिकलीभोवती बांगडीएवढा स्वच्छ गोल.

"मामा, आता रडा. झाकण बंद हाय."