बिनभिंतीची चौकट

आमच्या गावात अजूनही सांगतात की, त्या दुपारी साक्षात देवी हळदीच्या हातांनी आली, चौकटीवर पंजे उमटवून गेली आणि मी तिच्या पायांवर लोळण घेतली. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. मी होतो. लोळण मी घेतली नाही. उलट, तिच्याशी भांडलो. म्हणून घडले ते मीच लिहितो.

नव्वदच्या दशकाची अखेर असावी. डोंगरकड्याकडचा रस्ता रुंद होणार म्हणून आमचे घर पाडावे लागले. धाकट्या भावाने एक खोली देऊ केली होती. जुन्या अबोल्यामुळे मी ती नाकारली. आमच्याकडे घर उतरवताना सागवानी चौकट जपून काढतात आणि नव्या घराला तीच बसवतात. मी ती रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली दगडांच्या आधाराने उभी केली आणि बजावले की, हेच आपले घर. ये-जा चौकटीतूनच करायची. नऊ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांची धाकटी निमूटपणे तसे करीत. भिंती नसल्याची मला लाज वाटत नव्हती. वाटायला हवी होती.

देवावर मात्र मी रुसलो होतो. आठ दिवस दिवा लावला नाही. नवव्या दिवशी धाकटीला उन्हाने ताप भरला आणि बायको शांतपणे म्हणाली, "मी लेकरं घेऊन माहेरी जाऊन राहिले. तुमी बसा तुमच्या चौकटीत." ती गेली तर परतणार नाही, हे मला कळत होते, तरी 'थांब' हा शब्द तोंडातून निघेना. मनात देवाला एवढेच म्हटले, आता तूच बघ.

जवळच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी हळद शिजवण्याच्या कामावरून परतत होती. हात कोपरापर्यंत पिवळे. चौकट धरून तिने आत डोकावले. पंजे उमटले ते असे. "चौकट बराबर हाय, दादा. पर ह्या पोरीला सावली कोण देऊन राहिलं? तुमचा मान?" तिची हळद ठेवायची मातीची खोली रिकामी होती, तिथे चला म्हणाली. आमच्या घराण्यातले लोक तांड्यावर राहायला जात नाहीत, असे मी तिला सुनावले. "मंग तुमी नका येऊ," ती म्हणाली आणि तापलेली पोर खांद्यावर घेऊन चालू लागली. मागोमाग बायको निघाली, थोरली निघाली. सरळ चौकटीला वळसा घालून. मी बराच वेळ उभा राहिलो. मग चौकट तिथेच सोडून त्यांच्या मागे गेलो.

त्या खोलीत आम्ही वर्षभर राहिलो. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. उन्हाळ्यानंतर धाकटीचे शाळेत नाव घालताना गुरुजी राहण्याचे ठिकाण विचारतील, तेव्हा 'गावातच, घराचे काम चालू आहे' असे सांग, हे मी थोरलीला पढवून नेले होते. तिने माझ्यादेखत सांगितले, "तांड्यावर. याडीच्या घरी." बंजारा लेकरे आईला याडी म्हणतात, गुरुजींना ते ठाऊक होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

तिचे म्हणणे खोडून काढायला मी तोंड उघडले. आयुष्यभर दुसरे काय केले होते? पण शब्द आला नाही, आणि या वेळी तो अडला नव्हता. मला तो नकोच होता. गुरुजींनी लिहून घेतले. मी खाली सही केली आणि थोरलीचा हात धरून, ज्याने मला गप्प केले त्या देवाला मनोभावे नमस्कार करीत, तांड्याच्या वाटेला लागलो.