इकडील सर्व खुशाल

पहिल्या महायुद्धात आमची पलटण इराकात बसऱ्याच्या पुढे नदीकाठी होती. मी हेडक्वार्टरला सिग्नलर. माझा जिवलग, नाईक इस्माईल, पुढच्या चौकीवर. तो कुरुंदवाडच्या पिंजाऱ्याचा मुलगा. महाराजांच्या राज्यात कोल्हापूरला आम्ही एका बाकावर शिकलो आणि भरतीही एकाच दिवशी झालो.

इंग्रजीची त्याला भारी हौस. साहेबांच्या तोंडचं वाक्य ऐकलं की पाठ करायचा आणि रिपोर्टात घालायचा. मी चिडवायचो, "जागा बघून घाल की!"

"शोभतंय न्हवं? मग झालं तर."

त्या सकाळी पुढून गोळीबार ऐकू आला आणि थांबला. चौकीची तार तुटली होती. हातोहात आलेली इस्माईलची चिठ्ठी दुसऱ्या कंपनीच्या निरोप्याने दिली; पुढचं त्याला काही ठाऊक नव्हतं. अ‍ॅडज्युटंट साहेबांनी पहिली ओळ वाचली, "ऑल वेल हिअर, सर." म्हणजे इकडे सगळं ठीक. "गुड," म्हणाले आणि चिठ्ठी माझ्या टेबलावर टाकून नकाशाकडे वळले.

बरेच दिवस त्याची भेट नव्हती. निदान अक्षर तरी पाहावं म्हणून मी चिठ्ठी उचलली. खाली लिहिलं होतं: दारूगोळा संपला, शत्रू तिन्ही बाजूंनी, मदत पाठवा.

आपल्याकडे घर जळालं तरी पत्राची सुरुवात 'इकडील सर्व खुशाल' अशीच. इस्माईलने तीच रीत इंग्रजीत पाळली होती.

"सर, चौकी घेरलीय. खालचं वाचा!"

"ऑल वेल लिहिलंय ना?"

"तो आमच्याकडचा नमस्कार आहे, सर."

साहेबांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, या वेळी शेवटपर्यंत. "बी कंपनी, स्टँड टू! मूव्ह!"

चौकी वाचली. इस्माईलची माणसं जिवंत मिळाली. इस्माईल मदत पोहोचायच्या थोडं आधी पडला होता. साहेबांनी त्याला मूर्ख म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. इतकी वर्षं झाली, पण कुणी भलत्या जागी झोकदार इंग्रजी वाक्य घातलं की मला इस्माईल हवासा वाटतो. फार हवासा वाटतो.

रजा मिळाली तसा थेट कुरुंदवाडला गेलो. त्याची आई अंगणात कापूस निवडत होती. खबर तिला आधीच कळली होती. तिने मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाली,

"त्यानं इंग्रजीत लिवल्यालं साहेब वाचायचं न्हवं?"

"व्हय, चाची."

"शेवटचं बी वाचलं?"

"वाचलं की. दोनदा."

तिने डोळे पुसले आणि शेजारणीला हाक मारली, "ऐकलंस का गं? माझ्या पोराचं साहेबानं दोनदा वाचलं!"