दारातली सागवानी पट्टी

आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून वडील आमचे नायना. तरुणपणी ते घरातल्या हातमागावर लुगडी विणायचे. ते परवडेना तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागले. माग मोडला, पण त्याचं सागवान त्यांनी विकू दिलं नाही. ते माळ्यावर पडून राहिलं.

म्हातारपणी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला तो गेलाच. उजवा पाय ओढत ओढत का होईना चालू लागला, पण जीभ जड झाली. डॉक्टरांनी साखरही बंद केली. जुनी शहाबादी फरशी खालीवर झालेली, त्यांचा पाय अडकायचा. म्हणून मी सगळ्या घराला नव्या टाइल्स घालायला काढल्या. नायनांच्या खोलीची पाळी आली तेव्हा ते माळ्याकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणत राहिले, "कट्टे." म्हणजे लाकूड.

"सोलापूरच्या उन्हात लाकडाची जमीन कोण करतं?" आई म्हणाली. ते हट्टानं बोट दाखवत राहिले.

मंद्रूपचे एक सुतारमिस्त्री आले. त्यांनी मागाचे खांब चिरून फळ्या काढल्या, रंधल्या, जोडल्या. खोली मधासारखी दिसू लागली. पण दारात हॉलच्या टाइल्सपेक्षा लाकूड बोटभर वर राहिलं. त्यावर दुकानातून आणलेली ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. दुसऱ्या दिवशी सकाळी नायनांचा अंगठा नेमका तिथंच अडकला. मी शेजारी होते म्हणून धरलं. त्यांना लागलं नाही, पण त्यानंतर ते खोलीबाहेर येईनात. पलंगावर बसून दाराकडे बघत राहायचे.

मी मिस्त्रींना फोन केला. "सगळं उखडा. इथंही टाइल्सच घाला."

नायनांनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मिस्त्री आले, दारात उकिडवे बसले, पट्टीवरून हात फिरवला. "उखडू नका ताई. मागाचं एक लाकूड शिल्लक हाय की. उतार काढतो."

मग त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी काढली आणि उरलेल्या लाकडाची दाराच्या रुंदीची सागवानी पट्टी केली, लाकडाच्या बाजूनं जाड, टाइलच्या बाजूनं पातळ. ती दारात नुसती ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, या बरं. पाय टाका."

नायना हलेनात. मी त्यांचा हात धरला. उजवा पाय ओढत आला आणि कडेला अडला. मिस्त्रींनी पट्टी उचलून रंधा मारला, परत ठेवली. "आता?" पाय अडला, पण कमी. पुन्हा रंधा. खोलीभर सागाचा वास सुटला. असं कितीतरी वेळ चाललं. दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती. शेवटी पाय वर चढला आणि सरकत टाइलवर उतरला. नायनांनी माझा हात सोडला, मागे वळले आणि पुन्हा एकदा तेच करून बघितलं.

"बरं हाय न्हवं?" मिस्त्रींनी विचारलं.

नायनांनी डाव्या हातानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

पट्टी बसवताना मिस्त्रींनी फळ्यांच्या टोकाला थोडी फट ठेवली आणि ती वरून पट्टीनं झाकली. खिळा फळीत मारला नाही. "पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं. त्याला हलायला जागा लागती."

चार-पाच दिवसांनी मी कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. धावत गेले. नायना काठी टेकून ओट्याशी उभे होते, एकटे, आणि आईच्या हातातल्या चहाच्या पातेल्याकडे बघत होते.

"हाक मारायची नाही? पडला असता म्हणजे?" आई तेलुगूत त्यांना रागावत होती. रागावता रागावता तिनं दुसरा कप काढला आणि पदरानं डोळे पुसले.

"साखर," नायना म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ आला.

"मिळणार नाही," आई म्हणाली, आणि चिमूटभर घातली.