भिंतीच्या आत की बाहेर

चीनमधल्या शिआन शहरात कुठे उतरावं, हे मी कुणालाही झोपेतून उठून सांगू शकतो. तिथे मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. मी सौदी अरेबियात, जुबैलमधल्या एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट होतो. इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपत आली होती आणि जो तो आकाशाकडे बघत होता. त्या हिवाळ्यात माझ्या साहेबाने मला तीन आठवडे एकच काम दिलं होतं. त्याच्यासाठी आणि त्याच्या बायकोसाठी शिआनमध्ये चांगलं हॉटेल शोधायचं.

साहेब कंपनीचा परचेस मॅनेजर. पुण्याचा. मी चिपळूणचा, म्हणून पहिल्या दिवशी तो मला म्हणाला होता, "आपण मराठी माणसं, एकमेकांना धरून राहायचं." त्यानंतरच्या चार वर्षांत त्याने मला धरलं ते फक्त कामाला.

प्रवास मुळात कामाचा होता. शिआनच्या बाहेर एका कारखान्यात आमच्यासाठी दाब सोसणाऱ्या सहा मोठ्या टाक्या बनत होत्या. बोटीवर चढवण्याआधी त्यांचे जोड तपासायला दोघांनी जायचं ठरलं होतं. कागदांसाठी साहेब आणि टाक्यांसाठी चाचा. चाचा आमचे वेल्डिंग इन्स्पेक्टर. दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे, पन्नाशी ओलांडलेले, माझ्याच कॅम्पात राहणारे. वेल्डिंगच्या जोडावरून नुसतं बोट फिरवून ते सांगायचे, इथे माणूस घाईत होता. आठ दिवसांचं काम होतं आणि कारखान्याने स्वतःच्या गेस्ट हाउसमध्ये दोन खोल्या देऊ केल्या होत्या. चाचांना तेवढं पुरेसं होतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "टाक्या खोलीपासून चालत जाण्याएवढ्या जवळ आहेत ना? मग झालं." आणि थोड्या वेळाने, "त्या शहरात जुनी मशीद आहे म्हणतात. एक जुम्याची नमाज तिथे मिळाली तर बघ."

मग ती मुदत जवळ आली आणि साहेबाला गेस्ट हाउस आवडेनासं झालं.

आधी तो म्हणाला, कारखाना शहरापासून फार लांब आहे. मग म्हणाला, आठ दिवसांत काय होणार, निदान पाच आठवडे हवेत. एके सकाळी त्याने हाँगकाँगच्या ट्रॅव्हल एजंटकडून आलेली माहितीपत्रकं माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, "ही वाच. मला प्रत्येक हॉटेलचं नीट लिहून दे. बाईसाहेब पण येतील. त्यांना थंडी सोसत नाही."

मी वाचली. शिआन म्हणजे जुनी राजधानी. मध्ये घंटेचा मनोरा, त्यातून चार दिशांना चार रस्ते, रस्त्यांच्या टोकांना चार वेशी, आणि सगळ्याभोवती एवढी रुंद भिंत की वरून गाडी जाईल. जुबैलमध्ये आमच्या कॅम्पाच्या भिंतीहून जुनं काही नव्हतं, त्यामुळे मला त्या नकाशाची गोडी लागली हे कबूल करतो. पण साहेबाला शहराशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त एक ठरवायचं होतं, भिंतीच्या आत राहायचं की बाहेर.

बाहेर, दक्षिणेला, परदेशी माणसांसाठी नवीन बांधलेलं उंच हॉटेल होतं. लिफ्ट, पोहण्याचा तलाव, इंग्रजी नाश्ता. आत, घंटेच्या मनोऱ्याजवळ, जुनं सरकारी हॉटेल होतं. जाड भिंती, उंच छत, खिडकीतून मनोरा दिसतो असं लिहिलेलं. साहेबाला नव्या हॉटेलचं गरम पाणी हवं होतं आणि जुन्या हॉटेलची खिडकी हवी होती. सोमवारी तो म्हणायचा, "आत राहू या. आपण इतिहास बघायला चाललोय." मी तसा टेलेक्स करायचो. बुधवारी बाईंचा घरून फोन यायचा की आत कोळशाचा धूर असतो म्हणे. की झालं, तो म्हणायचा, "अरे, बाहेरचंच बघ." मी पुन्हा टेलेक्स करायचो. शिआनमधले लोक माझ्याबद्दल काय म्हणत असतील, कुणास ठाऊक.

मी चाचांसाठी म्हणून, कुणी सांगितलं नसताना, मशिदीच्या गल्लीतल्या एका छोट्या खानावळवजा लॉजचीही चौकशी केली होती. उत्तर आलं की परदेशी पाहुण्यांना तिथे राहण्याची परवानगी नाही. चाचा हसले. "इथेही नाही ना," म्हणाले, "व्हिलात."

व्हिला म्हणजे कंपनीच्या मोठ्या लोकांची वसाहत. जानेवारीत तिथे गॅस मास्क वाटले गेले, माणशी एक, लहान मुलांसाठी वेगळे. कॅम्पात आम्हा चारशे लोकांना खिडक्यांच्या फटी बंद करायला चिकटपट्टीची रिळं मिळाली आणि एक कागद, ज्यावर लिहिलं होतं की टॉवेल ओला करून नाकावर धरा. तो कागद मीच टाइप केला होता. वाटलं होतं, मास्क मागाहून येतील. आलेच नाहीत. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, कफिलाचं म्हणजे मालकाचं नाव. त्यामुळे कुठे जाण्याचा प्रश्न नव्हता. लोक कामावर जायचे, परत यायचे, रेडिओ ऐकायचे आणि घरी पत्रात लिहायचे की इथे सगळं ठीक आहे.

युद्ध सुरू झालं. एकदा सकाळी अकराच्या सुमाराला मी साहेबासमोर उभा असताना भोंगा वाजला. साहेबाने खणातून मास्क काढला आणि तोंडावर चढवला. पट्टा त्याला सापडेना, तो मीच मागून ओढला. मग मी मोरीत जाऊन माझा रुमाल ओला करून आणला. आम्ही दोघं टेबलाखाली बसलो, तो मास्कमध्ये, मी रुमालात. खिडकीची काच थरथरली, लांब कुठेतरी धाड आवाज झाला. मला आई आठवत होती. तेवढ्यात साहेब मास्कमधून काहीतरी बोलला. मला कळेना. तो पुन्हा बोलला. शेवटी त्याने मास्कची कड हनुवटीवरून उचलली आणि विचारलं, "त्या आतल्या हॉटेलात गरम पाणी चोवीस तास आहे की फक्त संध्याकाळी?"

"संध्याकाळी दोन तास, साहेब," मी रुमालातून म्हणालो.

"मग बाहेरचंच नक्की कर," तो म्हणाला आणि मास्क खाली ओढला.

भित्र्या माणसाचा मला राग येत नाही. मीही भ्यालो होतो, कॅम्पात सगळेच भ्याले होते. एक धिप्पाड सुतार तर भोंगा वाजला की लहान मुलासारखा रडायचा आणि त्याला कुणी हसत नसे. साहेब एकदा जरी म्हणाला असता, "मला भीती वाटते, मला इथून बाहेर काढ," तरी मी त्याचं तिकीट आनंदाने केलं असतं. पण तो तसं कधी म्हणाला नाही. तो म्हणत राहिला गरम पाणी, खिडकी, इतिहास. पळून जाणाऱ्या माणसाने वाटेतल्या गाद्या दाबून बघाव्यात, तसं ते होतं.

व्हिसासाठी पासपोर्ट रियाधला पाठवायच्या दिवशी त्याने मला आत बोलावलं. समोर दोन पासपोर्ट होते. त्याचा आणि बाईंचा.

"चाचांचा राहिला, साहेब," मी म्हणालो.

"त्यांचं काय काम आता? कारखान्याचा स्वतःचा इन्स्पेक्टर आहे. आणि त्यांचं खाण्यापिण्याचं तिथे फार अवघड होईल रे. त्यांच्याच सोयीसाठी म्हणतोय मी."

"तिथे मुसलमानांची मोठी वस्ती आहे, साहेब. मी वाचलंय. मशिदीला लागूनच—"

"तू फार वाचतोस," साहेब म्हणाला.

चाचांना सांगायचं काम माझ्याच गळ्यात आलं. ते पलंगावर बसून नखं कापत होते. ऐकलं आणि म्हणाले, "बरं. टाक्या बघणार कोण?" मी म्हटलं, साहेब बघतील. त्यांनी नेलकटर मिटलं. "साहेबांना टाकी आणि बादली यांतला फरक कळतो का?"

दम्मामकडची प्रवासी विमानं बंद झाली होती, म्हणून साहेब आणि बाई गाडीने थेट जेद्दाला गेले. हजार मैलांच्या आसपास वाळवंट. तिथून कराची, तिथून बीजिंग. गाडीत चार बॅगा मीच ठेवल्या. दोघांचे मास्क त्यांनी बरोबर नेले. ते तरी ठेवून गेले असते तर दोन माणसांची सोय झाली असती, पण मागायची माझी छाती झाली नाही.

ते गेल्यावर एक क्षेपणास्त्र बंदराजवळ समुद्रात पडलं. समुद्रावर तेलाचा तवंग पसरला. कुवेतच्या विहिरी जळू लागल्या तेव्हा भर दुपारी गाड्यांचे दिवे लावायची पाळी आली आणि दोरीवरचे कपडे काळे होऊ लागले. या काळात मला साहेबाचे तीन टेलेक्स आले. पहिल्यात लिहिलं होतं की बाहेरच्या हॉटेलात खोली रस्त्याकडेची दिली आहे, झोप लागत नाही, बदलून दे. जुबैलमधून! दुसऱ्यात लिहिलं होतं की आता आतल्या हॉटेलात हलतो आहोत. तिसऱ्यात, की आतलं हॉटेलच बरं, मी पहिल्यापासून म्हणत होतो. टाक्यांबद्दल तिन्हींत एक अक्षर नव्हतं.

युद्ध थांबल्यावर तो आठवड्याच्या आत परत आला, चांगला टवटवीत होऊन. व्हिलात त्याने मेजवानी दिली आणि पडद्यावर स्लाइड दाखवल्या. यंत्र चालवायला मला बोलावलं होतं. बाई भिंतीवर, बाई मनोऱ्यापाशी, बाई मातीच्या सैनिकांच्या रांगांसमोर. साहेब पाहुण्यांना समजावत होता, "शहर ओळखायचं असेल तर भिंतीच्या आतच राहावं. बाहेर राहणारे नुसते टूरिस्ट." कुणीतरी धुराचा विषय काढला तर बाई म्हणाल्या, "तिथेही काय कमी धूर होता का? मला तर खोकला झाला." हे अगदी मनापासून म्हणाल्या. शंभरेक स्लाइड होत्या. कारखान्याची एकच होती, फाटकासमोर हस्तांदोलन करतानाची.

दुसऱ्या दिवशी त्याने मला तपासणीचा अहवाल सांगितला. मी टाइप करत होतो. टाक्यांची पाण्याच्या दाबाखाली चाचणी झाली, जोड निर्दोष आढळले, चाचणी "आमच्या वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या उपस्थितीत" पार पडली. त्या वाक्यावर माझी बोटं थांबली.

"काय झालं?" साहेबाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि वाक्य पुरं केलं. एकही चूक न करता.

टाक्या ऐन उन्हाळ्यात आल्या. चाचांनी आपल्या पद्धतीने त्या पाण्याने भरून दाब दिला. सहापैकी चार टाक्यांच्या जोडांवर घामासारखे थेंब उमटले. काम थांबलं. जनरल मॅनेजर लेबनॉनचा होता, फार कमी बोलायचा. त्याने अहवाल वाचला आणि चाचांना बोलावणं पाठवलं. साहेब तिथे होताच. मला टिपणं घ्यायला बसवलं होतं.

"चाचणीला तू हजर होतास," जनरल मॅनेजर इंग्रजीत म्हणाला. "हे तुला दिसलं नाही?"

चाचांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. त्यांनी अहवाल हातात घेतला, चष्मा लावला, बोट ठेवून सावकाश वाचला. साहेब मराठीत घाईने म्हणाला, "चाचा, ते सगळं आपण नंतर बघू. आत्ता फक्त हो म्हणा. तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी."

चाचांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. जनरल मॅनेजरला ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सर, माझा पासपोर्ट सहा वर्षं तुमच्याच तिजोरीत आहे. काढा आणि चीनचा शिक्का कुठे आहे बघा."

पासपोर्ट आणला गेला. जनरल मॅनेजरने पानं उलटली, कोरी पानंही एकेक करून उलटली, आणि तो चाचांच्या हातात दिला. सहा वर्षांनी तो त्यांच्या हातात आला असेल. त्यांनी आतला स्वतःचा जुना फोटो क्षणभर बघितला आणि पासपोर्ट परत टेबलावर ठेवला.

साहेबाचं काय झालं म्हणाल, तर त्याची बदली झाली, रियाधच्या मुख्य कार्यालयात, मोठ्या हुद्द्यावर. अशा माणसांना खाली पडायला जागाच नसते, प्रत्येक मजल्यावर कुणीतरी गादी घालून ठेवलेली असते. त्या चार टाक्यांचे जोड चाचांनी तीन महिने उन्हात उभं राहून पुन्हा करून घेतले. हिवाळ्यात ते कायमचे घरी गेले.

मीटिंगच्या दिवशी संध्याकाळी कॅम्पाच्या नळावर आम्ही समोरासमोर आलो. माझ्या हातात साबण होता. ते हात धूत होते.

"तो कागद तू टाइप केलास?" त्यांनी विचारलं.

"हो, चाचा."

त्यांनी नळ बंद केला, हात झटकले. "स्वच्छ केलायस," म्हणाले. "कुठे खाडाखोड नाही." आणि टॉवेल खांद्यावर टाकून खोलीकडे गेले.