पुढच्या काचेचा टवका

मोतीबिंदू काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी दौंडच्या दवाखान्यात डोळ्याची पट्टी सोडली. काळा चष्मा मिळाला आणि ताकीद मिळाली की डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मला एवढं लख्ख दिसायला लागलं की सुनेच्या गालावरचे वांग पहिल्यांदा दिसले. तसं मी तिला सांगितलं.

"आत्या, घरी गेल्यावर सांगितलं आसतं तरी चाललं आसतं," ती म्हणाली.

गाडी तीच चालवत होती. माझा मुलगा रांजणगावला कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी दिवसभर दारात उभी असते. सुनेने शिरूरला क्लास लावून लायसन काढलं, पण नवरा चावी देईना. "मळ्यापातूर ने, दौंडला न्हाई," हेच त्याचं पालुपद. माझ्या ऑपरेशनला त्याला रजा मिळाली नाही म्हणून चावी सुटली. तीही अट घालून. "गाडीला कायबी झालं, तर चावी माझ्या खिशात. मंग परत मागायची न्हाई."

चावी सुनेकडे राहावी अशी माझीही इच्छा होती. आठवड्याने परत डोळा दाखवायला जायचं होतं, आणि जीपमध्ये कोंबून जायचं माझं वय आता राहिलं नाही.

भीमेचा पूल ओलांडला तर पुढे खडीचा डंपर. त्याचं मागचं फाळकं नीट लागलेलं नव्हतं. सून चांगलं अंतर ठेवून चालली होती, तरी एक खडा उडालाच. टक् करून आवाज झाला. तिने बाभळीखाली गाडी घेतली. पुढच्या काचेला, तिच्या डोळ्यासमोरच, मसुराच्या डाळीएवढा टवका गेला होता.

"गेली चावी," ती म्हणाली आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"टवका काचंला गेलाय, तुझ्या हाताला न्हाई. आधी कुणाला तरी फोन कर. रडायचं आसलं तर घरी रड, तिथं पंखा हाय."

तिने गाडी शिकवणाऱ्या शिरूरच्या मामांना फोन लावला. मामांनी विचारलं, "चीर गेलीय का? न्हाई ना? मंग भरता येतो. उद्या शिरूरला आणा. तवर टवक्यावर चिकटपट्टी लावा, धूळ जाऊ देऊ नका. एसी लावू नका, दारं आपटू नका. आन् तापल्या काचंवर गार पाणी तर आजिबात न्हाई. या टोकापासनं त्या टोकापातूर चीर जाईल. मंग आख्खी काच बदलायची."

चिकटपट्टी कुठून आणायची? दवाखान्यातून डोळ्यासाठी दिलेली होती पिशवीत. सुनेने काच पुसून ती लावली.

"घ्या," मी म्हटलं, "गाडीला बी माझंच पथ्य. दोघींला पाणी बंद."

तेव्हा कुठे ती हसली.

मग ऐन एप्रिलच्या उन्हात काचा खाली करून आम्ही निघालो. प्रत्येक गतिरोधक सुनेने असा ओलांडला, जसं पाळण्यात मूल झोपलंय. बैलगाडीवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून बघितलंही. मी चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं, तसा तो पुढे बघायला लागला.

मांडवगण आलं. घर दिसलं आणि दारात माझी धाकटी जाऊ दिसली. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात माठातल्या पाण्याचा तांब्या.

आम्ही बौद्ध. माझा नवरा होता तोपर्यंत घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळायला यायचं. जावेनेही बाकी सगळं सोडलं, पण भाकरतुकडा सोडला नाही. कुणी दवाखान्यातून घरी आलं की ती ओवाळून टाकणारच. त्यात तिची स्वतःची एक रीत आहे. माणूस गाडीतून आला तर गाडीवरूनही ओवाळायचं आणि सगळा तांब्या पुढच्या काचेवर रिकामा करायचा. ती म्हणते, दृष्ट गाडीच्या तोंडाला लागते.

गाडी थांबायच्या आतच तिने भाकरी ओवाळून उकिरड्याकडे भिरकावली आणि तांब्या फिरवायला घेतला. सून आतून "काकी, नगा! नगा!" ओरडत होती. जाऊ हसत होती. तिला वाटलं, सून लाजतेय.

मी दार उघडलं, उतरले आणि तांब्या धरला. तिने तिकडे ओढला, मी इकडे ओढला. पाणी हिंदकळलं. काचेवर उडालं तर काच जाणार, माझ्यावर उडालं तर डोळा जाणार. मी तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन टाकला. तहानही लागलीच होती.

जाऊ पांढरी पडली. "आवो आक्का! ववाळल्यालं पाणी पेतेत व्हय कुणी? सगळी पीडा पोटात गेली की!"

"जाऊ दे. तिथं आधीच लई हायेत. दाटीवाटीनं बसंल."

सून स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. जाऊ मात्र संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने येऊन विचारत राहिली, पोटात दुखतंय का. नाही दुखलं.

मुलगा कामावरून आला. आधी गाडीच दिसली त्याला. "काचंचं बी ऑपरेशन केलं का काय?"

सुनेने काही न लपवता सांगितलं. त्याने हात पुढे केला. तिने चावी काढली, पण दिली नाही, मुठीत धरून उभी राहिली.

मी खाटेवरून म्हटलं, "तू चालवत आसतास तर खडी तुला इचारून उडाली आसती का?"

"आई, तू मधी पडू नको."

"मी मधी न्हाई पडले. मी गाडीत व्हते. तू नव्हतास."

त्याने पुढे केलेला हात खाली घेतला. मग म्हणाला, "उद्या माझी सुट्टी हाय. शिरूरला तीच घिऊन जाईल. मी मागं बसून बघतो कशी चालवती."

मीही गेले, पुढे सुनेशेजारी बसून. त्याने बघितलं म्हणजे काय, शिरूरपर्यंत नुसता बोलत होता. गिअर बदल, बाजूला घे, हॉर्न दे. सुनेने एकदाही उलट उत्तर दिलं नाही आणि एकदाही त्याचं ऐकलं नाही. काचवाल्याने टवक्यावर एक नळी बसवली, आत डिंकासारखं पातळ काहीतरी सोडलं, वर निळा दिवा धरला. चहा होईपर्यंत काम झालं. राईएवढा ठिपका तेवढा राहिला.

"परत फुटायची न्हाई ना?" मुलाने विचारलं.

"दगड बसला तर काय बी फुटतं, सायेब."

येताना मागून आवाज येईना. मी वळून बघितलं, तर मुलगा तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

"झोपले का हो, आत्या?"

"झोपलाय. हळू बोल. उठला तर शिकवायला लागंल."

दारात गाडी थांबली तेव्हा तो जागा झाला, डोळे चोळत उतरला आणि घराकडे चालू लागला. चावी मागितली नाही. पायरीवरून तेवढा वळला आणि सुनेला म्हणाला, "आईला दौंडला न्यायच्या आधी चाकातली हवा बघून घे."