मनगट धरून बघणारे सर

मुलीचं मनगट अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरून बघायचं, आणि कडं सैल पडलं की खूश व्हायचं, ही त्यांची सवय. "हलकी पोरगी लांब पळती," म्हणायचे. मुलींना धावायला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचं नाव मी घेणार नाही. असे एखादे सर तुम्हीही पाहिले असतील.

माझा हाडांचा दवाखाना उमरग्यात. पाय दुखणाऱ्या मुलींना सर स्वतः घेऊन यायचे आणि मुलीनं तोंड उघडायच्या आत बोलायचे. "काय न्हाय मॅडम, मुरगाळलाय जरा. गोळी द्या, उद्या पळायचंय."

मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. एक मात्र खरं. लोहाऱ्याकडच्या सुनीताचं शाळेत असतानाच लग्न ठरत होतं, तेव्हा सर तिच्या बापाच्या दारात दिवसभर बसून राहिले. लग्न थांबवूनच उठले. हे मला ठाऊक होतं, तरी माझा राग उतरत नसे.

त्याच सुनीताला एकदा ते नडगी दुखते म्हणून घेऊन आले. मी त्यांना बाहेर बसवलं. एक्स-रेत हाडाला बारीक तडा दिसला. पडली नव्हती, मार लागला नव्हता. मी पाळीचं विचारलं.

"लई दिवस झाले, येतच न्हाय," ती हसून म्हणाली. "सर म्हनले, बरं झालं. अंग तयार झालं."

खायचं काय? सकाळी अर्धी भाकरी, रात्री काकडी. भात बंद, शेंगदाणे बंद.

मी सरांना आत बोलावलं. "पोटाला मिळत नाही म्हणून हिची पाळी थांबलीय. पाळी थांबली की हाडं ठिसूळ होतात. हे वय हाडं भरायचं आहे, सर. पळणं बंद आणि पोटभर जेवण."

"तुमी कधी पळालात का, मॅडम?"

"नाही. पण मोडलेली हाडं रोज बघते."

"जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी झाली की देतो सुट्टी," म्हणत ते उठले.

मी तिच्या आईला फोन केला. "सर म्हनतील तसं," आई म्हणाली. "त्यांनीच तर वाचवली माझी पोर."

चाचणीत शेवटच्या वळणावर सुनीता कोसळली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. सरांनीच तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं. क्षणभर मला त्यांची कीव आली. तेवढ्यात ते म्हणाले, "पुढच्या साली पळंल ना?"

"बाहेर व्हा!" मी ओरडले.

सोलापूरला ऑपरेशन झालं. सुनीता आता लंगडत चालते. तिची आई घरोघर जाऊन बाकीच्या आयांना सांगत फिरली. मैदानावर मुली येईनाशा झाल्या आणि सर तालुका सोडून गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

परवा हैदराबाद रस्त्यानं येताना ते दिसले. पुढं वाळक्या मुलींची रांग, मागं मोटारसायकलवर सर. मी गाडी थांबवून उतरले. सगळ्यांत मागची मुलगी लंगडत होती. तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाळी येते का गं?"

तिनं आधी सरांकडे पाहिलं. ते मान फिरवून शेताकडे बघत राहिले.

मी तिच्या आईचा नंबर विचारला. तो मात्र तिनं लगेच सांगितला.