काम थांबलं असेल तरच

आमची सॉफ्टवेअरची टीम सात जणांची. रोज सकाळी दहाला लॅपटॉपसमोर उभं राहून प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण आहे का. पंधरा मिनिटांत मीटिंग खलास. कुणाचं रडगाणं लांबू नये म्हणून मीच नियम घालून दिला होता, काम थांबलं असेल तरच अडचण सांगायची. टीम लीड होते ना, तोरा होता.

मी पालघरजवळच्या मुरबे गावातल्या आमच्या घरूनच काम करायचे. आय ओटीवर बोंबील निवडत सगळं ऐकायची. एकदा मीटिंग संपल्यावर ती पदर खोचून माझ्यासमोर ताठ उभी राहिली. काल तीन पाट्या बोंबील टांगले, आज वाळलेले उतरवणार, अडचण नाय. मी हसून हसून बेजार झाले. मग ते रोजचंच झालं. माझी मीटिंग उरकली की आयची.

होळीच्या आधी आमचं काम ग्राहकाच्या हाती द्यायचं होतं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या सकाळी आय म्हणाली, "आज अडचण हाय. डावा हात भरून येतो, दम लागतो."

मी स्क्रीनवरची नजरसुद्धा काढली नाही. "काम थांबलंय का तुझं?"

तिने जरा विचार केला. "नाय."

"मग ती अडचण नाय. काम थांबेल तेव्हा सांग."

ती परत ओटीवर बोंबलांकडे गेली. त्यानंतर रोज समोर उभी राहून अडचण नाय म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. कसली अक्कल म्हणायची ही!

अकराव्या दिवशी ती बोंबील टांगायच्या बांबूंखालीच कोसळली. पालघरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का? सोबत आलेली शेजारची काकी म्हणाली, "आठवडाभर ती एका हातानेच बोंबील टांगत होती, पाटी उचलायला मला हाक मारायची." मी तर घरातच, चार पावलांवर होते. मला हाक मारली नाही, कारण तिचं तोंड मीच बंद केलं होतं.

तेराव्यानंतर कामावर रुजू झाले. दहाला मीटिंग. सगळ्यांनी आपापलं सांगितलं, माझी पाळी आली. काल काय केलं, आज काय करणार, तेवढं मीही सांगितलं. टीममधल्या एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, काही अडचण?"

ओटीवर आयची पाटी पालथी पडली होती. काम काही थांबलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.